‘लाफ ट्रॅक’ला मराठीत काय म्हणावं? मागून येणाऱ्या हशाची कुळकथा

वाचनवेडी, टिळकवाडी

नमस्कार मंडळी. वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी दूरचित्रवाणीवरच्या विनोदाविषयी लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे. मालिकेत कुणी काही बोललं की मागून आधीच भरून ठेवलेला हशा ऐकू येतो. इंग्रजीत त्याला ‘लाफ ट्रॅक’ किंवा ‘कॅन्ड लाफ्टर’ म्हणतात. मराठीत त्याला चालता-बोलता शब्द नाही. ‘कृत्रिम हास्य’ लिहून पाहिलं, पण साहेबांच्या विनोदावर हाताखालची माणसं हसतात तेही कृत्रिमच असतं. ‘ध्वनिमुद्रित हास्य’ म्हटलं तर बारशाच्या व्हिडिओत सगळे हसतात तेही त्यात येतं.

इतर भाषांनी काय केलं ते शोधत गेले, तर बहुतेकांनी इंग्रजीतला डबाच उचललाय. स्पॅनिशमध्ये ‘रिसास एन्लातादास’, त्यातला ‘लाता’ म्हणजे पत्र्याचा डबा. स्वीडिशमध्ये ‘बुर्कस्क्रात’, डॅनिशमध्ये ‘दोसेलॅटर’, पोलिशमध्ये ‘श्म्येख स पुश्की’, चिनीत ‘ग्वानथोउ श्याओशंग’, सगळीकडे डबाच. हंगेरियन आणि जर्मन भाषांत टिकवलेल्या अन्नाचा ‘कॉन्झर्व्ह’ आला. वेगळी वाट धरली ती डच आणि रशियन लोकांनी. डच म्हणतात ‘लाखबांड’, म्हणजे हशाची फीत. रशियन म्हणतात ‘झाकाद्रोवी स्म्येख’, म्हणजे चौकटीच्या मागचं हसू. मला हा रशियन शब्द फार आवडला. हसणारा दिसत नाही, तो चित्राच्या पलीकडे कुठेतरी आहे, एवढंच तो सांगतो.

आणखी एक गोष्ट सापडली. इंग्रजीतला डबा हशाच्याही आधीचा आहे आणि तो मुळात शिवी म्हणून आला. अमेरिकेतला प्रसिद्ध बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा याने १९०६ मध्ये ध्वनिमुद्रिकांवरच्या संगीताविरुद्ध लेख लिहिला, तेव्हा त्याला ‘डबाबंद संगीत’ म्हणून हिणवलं होतं. माणूस समोर बसून वाजवत नाही ते संगीत कसलं, हा त्याचा राग. तोच राग पुढे हशाच्या वाट्याला आला.

तर मराठीत काय म्हणू? तुमच्याकडे कुणी काही म्हणत असेल तर सांगा. कन्नड शब्दही चालेल, आपण बेळगावकडचे, आपल्याला दोन्ही सारखेच.

सीमाकाठ, निपाणी

ताई, ‘डबाबंद हसू’ नको. आपल्याकडे डबा म्हणजे सकाळी केलेली भाजी-भाकरी. डबा घेऊन माणूस शेतावर जातो, कारखान्यात जातो, आणि त्यातलं अन्न ताजं असतं. युरोपात डब्यातलं म्हणजे महिनोन्महिने टिकवलेलं. शब्द तोच आणला तरी अर्थ उलटा होईल, आणि ‘डब्यातलं हसू’ वाचून लोकांना घरचीच आठवण यायची.

मराठीत हशा ‘पिकतो’. ‘सभागृहात हशा पिकला’ असं आपण सर्रास लिहितो, आणि त्यात शेत आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पिकलेलं साठवायला आपल्या भागात पेव होतं. घराच्या अंगणात किंवा गावच्या चौकात जमिनीखाली खणलेलं, तोंडाशी अरुंद, आत माणूस उभा राहील एवढं. जोंधळा भरायचा, तोंड लिंपून टाकायचं आणि गरज पडेल तेव्हा फोडायचं. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. तेव्हा माझ्या मते ‘पेवातला हशा’. पिकला एकदा, काढला हवा तेव्हा.

ध्वनीवाला, शहापूर

मी गेली बरीच वर्षं नाटकं आणि गॅदरिंगांचं साउंड करतो, म्हणून यंत्राच्या बाजूचं सांगतो. सीमाकाठ यांचा पेव मला पटला, कारण अगदी तसंच झालेलं आहे.

अमेरिकेत गायक बिंग क्रॉस्बीचा रेडिओ कार्यक्रम १९४७ पासून चुंबकीय टेपवर मुद्रित व्हायला लागला. ते काम करणारा जॅक मुलिन याने नंतर एक किस्सा सांगितला आहे. एका ग्रामीण ढंगाच्या विनोदी नटाने कार्यक्रमात जरा चावट किस्से सांगितले. प्रेक्षक लोटपोट हसले, पण किस्से रेडिओवर लावण्यासारखे नव्हते म्हणून कापले. हशा मात्र फेकला नाही. पुढे एक कार्यक्रम फिका पडला, तेव्हा तोच हशा तिथे जोडला. पीक एका शेतातलं, वाढलं दुसऱ्याच्या ताटात.

टीव्हीवर ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती १९५० मध्ये, ‘द हँक मॅक्यून शो’ या मालिकेत. समोर प्रेक्षक नसताना हशा ऐकू येत होता. पण खरा माणूस चार्ली डग्लस. सीबीएस या अमेरिकन वाहिनीतला ध्वनीतंत्रज्ञ, महायुद्धात नौदलात रडारचं काम केलेला. सुरुवातीला तो फक्त डागडुजी करायचा. प्रेक्षक योग्य जागी हसले नाहीत तर थोडं हसू घालायचा, फार वेळ हसत राहिले तर आवाज हळूहळू खाली आणायचा. मग त्याने एक पेटी बनवली, ‘लाफ बॉक्स’. टाइपरायटरसारखी बटणं, आत हशाच्या टेपांची वेटोळी, पायाशी पॅडल. बटणाने कोण आणि कसं हसणार ते ठरायचं, पॅडलने किती वेळ ते. पेटीला कुलूप असायचं आणि आत काय आहे ते तो कुणाला दाखवत नसे. हॉलिवूडमधल्या कितीतरी मालिका त्याच्याकडे यायच्या आणि तो बसून त्यांना हसू लावून द्यायचा. १९९२ मध्ये त्याला तांत्रिक कामगिरीसाठी जीवनगौरव एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला.

त्या बटणांविषयी वाचताना मला मराठीचं कौतुक वाटलं. तिकडे यंत्रात वेगवेगळं भरावं लागलं, आपल्याकडे भाषेत तयार आहे: खुदकन, खुदूखुदू, फिदीफिदी, खी खी, खदाखदा, खो खो. प्रत्येकाचा वेळ वेगळा, पट्टी वेगळी, हसणाऱ्याचं वय वेगळं. फिदीफिदी हसणारा माणूस डोळ्यासमोर येतो की नाही बघा.

आणखी एक धंद्यातला शब्द देतो. खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित केलेल्या कार्यक्रमातही नंतर हशा मिसळतात. त्याला तिकडे ‘स्वीटनिंग’ म्हणतात, म्हणजे गोडी वाढवणं. त्यामुळे ‘खरं हसू’ आणि ‘भरलेलं हसू’ अशी सरळ रेघ कधीच नव्हती.

घाटवाटा, खानापूर

ध्वनीवाले, यंत्राची माहिती झकास. पण ही युक्ती डग्लसच्या कितीतरी आधीची आहे. फक्त तेव्हा टेपऐवजी माणसं होती.

पॅरिसमध्ये नाट्यगृहांत भाड्याने टाळ्या वाजवणारी टोळी असायची. तिला ‘क्लाक’ म्हणत, ‘क्लाके’ म्हणजे टाळी वाजवणे यावरून. १८२० मध्ये सोताँ आणि पोर्शे या दोघांनी तर नाटकाच्या यशाची हमी देणारी रीतसर कचेरीच काढली. नाटक मंडळीने सांगायचं एवढी माणसं पाहिजेत, त्यांनी पाठवायची. कामाची वाटणी ठरलेली होती. ‘रिअर’ म्हणजे विनोदावर मोठ्याने हसणारे. ‘प्लरर’ म्हणजे रुमाल डोळ्याला लावून रडणारे, त्यात बहुतेक बायका. ‘शातुयर’, शब्दशः गुदगुल्या करणारे, आजूबाजूच्या लोकांना खुशीत ठेवायचे. ‘बिसर’ म्हणजे ‘बीस, बीस’ ओरडून पुन्हा करायला लावणारे. त्यांच्या म्होरक्याला तालमीला बसवत, म्हणजे कुठे काय करायचं ते त्याला आधी कळावं. हे ‘रिअर’ म्हणजे चालता-फिरता लाफ ट्रॅकच.

आणि ते ‘बीस’ लॅटिनमधलं, दोनदा या अर्थाचं. फ्रेंच माणूस लॅटिन ओरडतो. इंग्रज ‘आँकोर’ म्हणतो, ते फ्रेंच. आणि आपण संगीत नाटकात इंग्रजीतून ‘वन्स मोअर’ देतो. दाद द्यायला प्रत्येकाला शेजाऱ्याचीच भाषा लागली. आपल्या बेळगावने तर वन्स मोअर पोटभर दिले-घेतले असणार, अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला.

याच्याही मागे जाता येतं. रोमचा नीरो स्वतःला मोठा गवई समजायचा. त्याचं चरित्र लिहिणाऱ्या सुएटोनियसने नोंदवलंय की नीरोने पाच हजारांहून जास्त धडधाकट तरुण निवडले, त्यांचे गट पाडले आणि त्यांना टाळ्यांचे प्रकार शिकवले. प्रकारांची नावं अशी: मधमाश्या, कौलं आणि खापऱ्या. एक गुणगुणल्यासारखी, एक पोकळ हातांची, एक सपाट हातांची असावी असं जाणकार सांगतात. पुढे धाकट्या प्लिनीने पत्रात तक्रार केली आहे की आता वकीलसुद्धा न्यायसभेत पैसे देऊन वाहवा करणारे आणतात. अशा लोकांसाठी तेव्हा एक शब्द निघाला होता, ‘लाउदिकेनी’. ‘लाउदारे’ म्हणजे स्तुती करणे आणि ‘केना’ म्हणजे जेवण. जेवणासाठी स्तुती करणारे. प्लिनी त्याच पत्रात सांगतो, ज्याला सर्वांत जास्त टाळ्या पडतात तो सर्वांत वाईट बोलतोय असं समजा.

आम्ही घाट उतरलो की गोवा, म्हणून पोर्तुगीजचंही सांगतो. तिकडे ‘क्लाक’ हा शब्द अजून जिवंत आहे, पण पोर्तुगालमध्ये तो फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांच्या गटासाठी वापरतात. भाड्याचे लोक गेले, मनापासून ओरडणारे आले, शब्द तोच राहिला.

माझं मत विचाराल तर नीरो, क्लाक आणि डग्लस हे एकच घराणं. मी त्याला ‘भाडोत्री हशा’ म्हणेन आणि त्यात फसवणूक आहे हेही स्पष्ट लिहीन.

घटप्रभा, गोकाक

मी घरात कन्नड, बाहेर मराठी, म्हणून दोन्ही बाजूंचं सांगते.

आमची आजी सौंदत्तीकडची, पण लग्न होऊन मराठी घरात आलेली. ‘देख भाई देख’ ही हिंदी मालिका लागायची तेव्हा ती चूल सोडून येऊन बसायची. हिंदी तिला अर्धीच कळायची. तिने एकदा गंभीरपणे विचारलं, ‘हे मागनं कोण हसूलालेत गा?’ आम्ही सांगितलं की कुणी नाही, ते असंच भरलेलं असतं. तिला ते पटलं नाही. ‘कोण तर हसल्याबिगार आवाज येतोय काय?’ आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. तो आवाज कुणाचा तरी होताच. आमच्या टीव्हीच्या मागे उघडी खिडकी होती, म्हणून पुढे ती हसू आलं की खिडकीकडे बघायची. भाषा कळली नाही तरी ती बरोबर जागी हसायची, कारण मागच्यांनी तिला जागा दाखवलेली असायची. घाटवाटा सरांना यात फसवणूक दिसते, मला सोबत दिसते.

आता शब्द. कन्नडमध्ये पार्श्वगायकाला ‘हिन्नेले गायक’ म्हणतात. हिन्नेले म्हणजे मागची बाजू, पार्श्वभूमी. त्याच चालीवर ‘हिन्नेले नगु’ म्हटलं तर कुठल्याही कन्नड माणसाला लगेच कळेल. नगु म्हणजे हसू. यक्षगान या कर्नाटकातल्या पारंपरिक नृत्यनाट्यात तर रंगमंचाची वाटणीच अशी आहे: पुढे नाचणारे-बोलणारे ते ‘मुम्मेळ’ आणि मागे गाणारे-वाजवणारे ते ‘हिम्मेळ’. आमच्या भागातल्या सण्णाट आणि श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्यांतही मागे उभे असलेले लोक नुसते गात नाहीत. पुढचं पात्र काही बोललं की ते उलट विचारतात, शब्द उचलून धरतात, आणि प्रेक्षकाला कळतं की इथे हसायचंय. पारिजात गाजवणाऱ्या कौजलगी निंगम्मा आमच्याच गोकाक भागातल्या. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला मागून आवाज येण्यात नवल वाटत नाही.

जाता जाता एक. मराठीत ‘तमाशा’ म्हणजे ढोलकी-फड, किंवा चारचौघांत केलेला गोंधळ. कन्नडमध्ये ‘तमाशे’ म्हणजे सरळ थट्टा. ‘तमाशे माडबेड’ म्हणजे थट्टा करू नको. नवीन सून मराठी असेल तर या वाक्यावर घरात हमखास गैरसमज होतो, तो माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. शब्द दोघांकडे आला फारसीतून, तिथे त्याचा अर्थ हिंडणं आणि हिंडून बघणं, आणि फारसीत तो अरबीतल्या चालण्याच्या धातूवरून गेला. विनोद, फड आणि फेरफटका एकाच शब्दात.

संस्कृतप्रेमी, चिक्कोडी

घटप्रभाताईंनी आजींचं जे सांगितलं त्याला आपल्या शास्त्रात नाव आहे, म्हणून लिहायला बसलो.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. त्याच ठिकाणी आणखी एक विभागणी आहे: आत्मस्थ आणि परस्थ. भरताने ती थोडक्यात सांगितली. स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. पण सतराव्या शतकात, शहाजहानच्या काळातला जगन्नाथ पंडित ‘रसगंगाधरा’त वेगळा अर्थ देतो. हास्याचं कारण स्वतः पाहून जे येतं ते आत्मस्थ. दुसऱ्याला हसताना पाहून जे येतं ते परस्थ. म्हणजे विनोदामुळे हसणं वेगळं आणि हसणाऱ्यामुळे हसणं वेगळं, आणि दुसऱ्यालाही हास्यरसातच जागा आहे. त्याला खोटं म्हटलेलं नाही. डग्लसची सगळी पेटी या एका शब्दावर उभी आहे.

पुढे सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची ‘सिद्धी’ येते, म्हणजे प्रयोग रंगला हे कशावरून ओळखायचं. मानवी सिद्धीत प्रेक्षकांच्या आवाजांची यादीच आहे: स्मित, अर्धहास, अतिहास, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ आणि शेवटी मोठा गलका. अंगावर काटा येणं, जागेवरून उठणं, अंगावरचं वस्त्र किंवा अंगठी काढून देणं हेही त्यात येतं. प्रेक्षकाचं हसू हा प्रयोगाचाच भाग धरलेला आहे. म्हणूनच ते नसलं तर पोकळी वाटते आणि कुणीतरी ती भरायला जातो.

माझी सूचना ‘पार्श्वहास्य’. पार्श्वसंगीत आणि पार्श्वगायन मराठीत पक्के रुळलेत, त्यामुळे समजावून सांगावं लागणार नाही. कन्नड ‘हिन्नेले नगु’शी आणि रशियन शब्दाशीही ते जुळतं.

सीमाकाठ, निपाणी

पार्श्वहास्य लेखासाठी उत्तम. पण बोलीतला शब्द म्हणून आणखी एक ठेवतो: ‘झील’. पोवाड्यात शाहीर पुढे गातो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत ओळ उचलतात. ‘री ओढणे’ म्हणतो आपण, तेही असंच. सोंगाड्याच्या विनोदाला तमाशातही मागून अशी साथ असते. ‘हशाची झील’ म्हटलं तर मागे कुणीतरी उभं आहे आणि ते पुढच्याला उचलून धरतंय, हे दोन्ही येतं. घटप्रभाताईंच्या हिम्मेळाचं हे मराठी भावंड.

आणि छापील लाफ ट्रॅक आपल्याकडे टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे, तो विसरू नका. जुन्या वर्तमानपत्रांतले भाषणांचे वृत्तांत काढून बघा. वाक्य संपलं की कंसात (हंशा), पुढे (टाळ्या), फारच रंगलं तर (प्रचंड हंशा). तेव्हा अनुस्वार देऊनच लिहीत. घरी बसून वाचणाऱ्याला कळायचं की इथे सभा हसली, आणि तोही हसायचा. जगन्नाथ पंडिताचं परस्थ हास्य, दोन कंसांत.

घाटवाटा, खानापूर

संस्कृतप्रेमींचं विवेचन मान्य, तरी माझा मुद्दा सोडत नाही. परस्थ हास्यात समोरचा खरंच हसतोय हे गृहीत आहे. टेपवरचा माणूस दहा वर्षांपूर्वी, दुसऱ्याच गोष्टीवर हसलेला असतो. त्याने माझ्या मालिकेतला विनोद ऐकलेलाच नाही. क्लाकमधला भाडोत्री निदान त्या रात्री त्या खुर्चीत बसलेला असायचा.

‘मॅश’ या अमेरिकन मालिकेचं उदाहरण बोलकं आहे. ती १९७२ ते १९८३ चालली, युद्धातल्या लष्करी रुग्णालयाची गोष्ट. वाहिनीला हशा हवा होता, करणाऱ्यांना नको होता. शेवटी ठरलं की शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हशा वाजणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती हशाशिवायच दाखवली. तीच मालिका, तेच संवाद, पण एका देशात ती विनोदी वाटली आणि दुसऱ्या देशात खिन्न. एवढी ताकद असलेल्या गोष्टीला ‘पार्श्व’ म्हणून कडेला बसवणं मला पटत नाही.

घटप्रभा, गोकाक

सर, मग आताच्या कार्यक्रमांना काय म्हणाल? ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ घ्या, कन्नडमध्ये ‘कॉमेडी खिलाडिगळु’ घ्या. दोन्हीत परीक्षक खुर्चीवर बसलेले, विनोद झाला की कॅमेरा त्यांच्याकडे वळतो आणि ते हसताना दिसतात. आमच्या घरी दोन्ही चालतात, एका रिमोटवर. तिथे हसणाऱ्याला चेहरा आहे आणि तो त्याच विनोदावर हसतोय. ते मागचंही नाही आणि टेपवरचंही नाही. आजी असती तर तिला खिडकीकडे बघावं लागलं नसतं.

वाचनवेडी, टिळकवाडी

सगळ्यांचे आभार, आता एका लेखाचे दोन होतील असं दिसतंय. माझं असं ठरतंय. तांत्रिक अर्थाने, म्हणजे दृश्यामागून येणारा, हसणारा न दिसणारा हशा, त्याला ‘पार्श्वहास्य’. त्यातला जो आधी साठवलेला आणि दुसरीकडून उचललेला, त्याला ‘पेवातला हशा’. डग्लसच्या पेटीपुरता हाच शब्द चपखल बसतो, आणि घाटवाटा सरांची दहा वर्षांपूर्वीच्या हशाची तक्रारही त्यात येते. क्लाकला ‘भाडोत्री हशा’. परीक्षकांच्या हसण्याला मात्र मी ‘झील’ म्हणणार आहे, कारण ते उघड दिसतात आणि पुढच्याला उचलून धरतात.

राहता राहिलं ते ‘स्वीटनिंग’. ‘गोडी वाढवणे’ लिहिलं तर साखरेचं वाटतं. ध्वनीवाले, तुमच्या धंद्यात काय म्हणता?

ध्वनीवाला, शहापूर

आम्ही ‘भर घालणे’ म्हणतो. नाटकाचं रेकॉर्डिंग झालं की निर्माते सांगतात, ‘दुसऱ्या अंकात हशा कमी आलाय, जरा भर घाल.’ एक मात्र लेखात जरूर लिहा. भर घालायची तर त्याच प्रयोगातला, त्याच हॉलचा हशा घ्यावा लागतो. दुसऱ्या हॉलचा घेतला की घुमण्यावरून लगेच कळतं. पत्र्याच्या छताखालचं हसू आणि बंद नाट्यगृहातलं हसू कानाला वेगळं लागतं, आणि पंखे चालू असलेला हॉल तर लपतच नाही. मी प्रयोगाआधीची पाच मिनिटं, लोक येऊन बसत असताना, नुसता हॉल रेकॉर्ड करून ठेवतो. दोन हशांमधला सांधा त्यानेच भरतो.